फोमचे बोळे

बिश्केकमधल्या आमच्या रॉक बँडचा आवाज वीस वर्षं मिक्सरवर बसून मीच लावतोय. शनिवारच्या कार्यक्रमाआधी आमची गायिका बेगिमाय मला कानात घालायचे फोमचे बोळे द्यायला आली. मी सगळ्यांदेखत तिची टर उडवली, "तुझं गाणं इतकं भिकार आहे का गं?"

पोरं फिदीफिदी हसली. तिचा चेहरा उतरला. "दादा, निदान ड्रमच्या झांजा तरी कमी करा. कान फाटतात."

मला त्या झांजा धड ऐकूच येत नव्हत्या, म्हणून मी त्या आणखी वाढवल्या. पुढच्या रांगेतली माणसं कान झाकून मागे सरकली, आणि आवाज दणदणीत लागला असं समजून मी गाढव खूश झालो.

रविवारी आईकडे गेलो. ती तेमिर-कोमुझ वाजवते. लोखंडाचं बोटभर वाद्य, दातांशी धरून छेडायचं; भुंग्याएवढा त्याचा आवाज. लहानपणी मला त्यावरच झोप लागायची. तिने ते ओठांपाशी नेलं. मला काहीच ऐकू येईना. घाबरून मी डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणालो, "वा, आई! काय वाजवलंस!"

डोळे उघडले, तर आई माझ्याकडे टक लावून बघत होती. मग माझ्या कानाशी तोंड आणून ती मोठ्यांदा म्हणाली, "अरे, मी नुसती धूळ फुंकत होते. कवळी अजून वाटीतच आहे."