एक जुलैचा फलक

आरमोरीपासून बारा किलोमीटरवरच्या त्या गावात निम्मी माणसं एक जुलैला जन्मलेली होती. म्हणजे कागदावर. ही करामत मुखरू गुरुजींची. पन्नास वर्षांपूर्वी ते शाळेवर नवे आले, तेव्हा आईबाप पोराला घेऊन यायचे आणि जन्मतारीख विचारली की म्हणायचे, "धान कापून राह्यलो होतो, तवाचा हाय." गुरुजी पोराला सांगायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण. शाळा एक जुलैला उघडायची, म्हणून तारीख एक जुलै. लिहून मोकळे.

निवृत्त झाल्यावर गुरुजींनी ग्रामपंचायतीच्या एका खोलीत वाचनालय काढलं आणि बाहेरच्या भिंतीवर काळा फलक रंगवून घेतला. वर ‘दिनविशेष’, खाली तीन रकाने : घटना, जन्म, मृत्यू. रोज सकाळी आठला हा फलक भोंग्यावर वाचला जायचा आणि आवाज तलावाच्या पाळीवरून थेट धानाच्या बांध्यांपर्यंत जायचा. रीत अशी, की ज्याचा वाढदिवस, त्याने माइक धरायचा. तीनशे चौसष्ट दिवस ही रीत गोडीगुलाबीने चालायची. एक जुलैला मात्र माइकसाठी ओढाताण व्हायची. शेवटी मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांनी, देवरावने, तो तंटा मिटवला. त्याचाही कागदावरचा वाढदिवस तोच; एक जुलैला तो एकटाच वाचू लागला. तलाव त्याच्या हातात, जाळं कोणी टाकायचं ते त्याच्या हातात, मग माइक कोण मागतो!

गुरुजींच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला तेव्हापासून फलक उर्वशी लिहायची. तलावात जाळं टाकणाऱ्या उमाजी ढिवराची थोरली लेक, गावातच दिलेली. पहाटे पोरांना दूध पाजून, दोघं झोपलेली असतानाच ती खडू घेऊन निघायची. दोघं म्हणजे तिचा स्वतःचा दीड वर्षाचा सोनू आणि धाकट्या बहिणीची, चंदाची, दिव्यानी. आज एक जुलै. दिव्यानी आज वर्षाची झाली होती.

म्हणजे चंदाला जाऊनही आज वर्ष झालं होतं.

पहिलं बाळंतपण म्हणून चंदा माहेरी आली होती. गेल्या एक जुलैला पहाटेपासून तिचं अंगावरून जायला लागलं. दवाखान्याची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन दूर गेली होती. गावात जीप एकच, देवरावची. तिला फुगे बांधले होते, टपावर भोंगा बसवला होता. उमाजी त्या फुग्यांसमोर हात जोडून उभा राहिला.

"भाऊ, गाडी द्या जी. पोरगी माही..."

"अर्धा घंटा, उमाजी. मिरवणूक काढतो, चार झाडं लावतो, मंग गाडी तुहीच. वाढदिवस का रोज येते?"

अर्ध्या घंट्याचे दोन घंटे झाले. मग कोणीतरी ट्रॅक्टर आणला. तलावाच्या पाळीवर, चालत्या ट्रॉलीत दिव्यानी जन्मली, आणि पाळ संपायच्या आत चंदा गेली. वय बावीस. बोळक्यासारखं तोंड उघडून रडणाऱ्या त्या जिवाला उर्वशीने तिथेच पदराखाली घेतलं. सोनूचं दूध अंगावर होतंच. एक लेकरू डावीकडे, एक उजवीकडे. ते उजवीकडचं लेकरू अजूनही दूध पिताना एका हाताने तिचा कान धरून ठेवायचं, जणू हीसुद्धा सुटून जाईल.

तेराव्याला देवराव आला. बसला, चहा प्याला आणि निघताना पाळण्यात वाकून म्हणाला, "पोरगी नशिबाची हाय, बाई. माया दिवशी जन्मली."

त्या वाक्यावर उर्वशीने डूख धरला. नागीण धरते तसा. रडली नाही, भांडली नाही. घरात कोणाला सांगितलं नाही. फक्त रोज फलक लिहिताना ती मनात मोजायची, एक जुलैला किती राहिले. तिला त्याचं घर जाळायचं नव्हतं. चंदाचं नाव त्याच्याच तोंडून, त्याच्याच भोंग्यावरून, सगळ्या गावाला ऐकवायचं होतं. बस एवढंच.

एप्रिलमध्ये जातीच्या दाखल्यासाठी उमाजीच्या जन्माची जुनी नोंद लागत होती, म्हणून ती उमाजीसोबत आरमोरीला तहसिलीत गेली. कोतवाल पंजी काढली. पूर्वी गावचा कोतवाल जन्ममरण लिहून ठेवायचा, ते पिवळं पडलेलं बाड. १९६८, नोव्हेंबर. नऊ तारखेला उमाजीच्या बापाला मुलगा. आणि त्याच पानावर, चार ओळी खाली, तेरा तारखेला, "देवाजी यास मुलगा".

देवाजी म्हणजे देवरावचा बाप. त्याला मुलगा एकच.

उर्वशीने त्या ओळीवर बोट ठेवलं ते उचललंच नाही. कारकून म्हणाला, "बाई, पान फाटन." ज्या वाढदिवसासाठी गाडी दिली नाही, तो वाढदिवस त्याचा नव्हताच. कान हाताला लागला म्हणून गुरुजींनी लिहिलेली एक तारीख, आणि त्या तारखेपायी तिची बहीण ट्रॉलीत जिवानिशी गेली. तिने दोन्ही ओळींची नक्कल मागितली.

परतताना बसमध्ये उमाजी हळूच म्हणाला, "तुया मनात का चालून राह्यलं, मले समजते. नोको करू, माय. तलाव बंद करन तो आपला."

"करू दे."

"पोरगी का परत येईन?"

"नाई येणार, बाबा. म्हणूनच."

जून संपता संपता देवराव स्वतःच वाचनालयात आला. या वर्षी थाट मोठा करायचा होता. फलकावर पडदा लावायचा, झेंडूची माळ सोडायची, त्याने दोरी ओढून उघडायचा आणि मग वाचायचा. "जन्माच्या रकान्यात शेवटचं नाव माहं ठेव. आन् हे पाय, त्या पोरीले बी आण. दोघाचा केक संगं कापू. लोकाइले बरं वाटन."

"आणतो जी," उर्वशी म्हणाली. "पडदा मीच शिवतो."

एक जुलैला ती साडेपाचला फलकासमोर उभी राहिली. एकेक अक्षर जपून काढलं. गुरुजींच्या जुन्या वहीत त्या दिवसाची नोंद होती, ती तिला पाठ होती. घटनांत सगळ्यात वर १९०९ : मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये कर्झन वायलीला गोळ्या घातल्या. ही ओळ लिहिताना खडू मोडला. मग १९५५, स्टेट बँकेची स्थापना. जन्मांत डॉ. बिधानचंद्र रॉय, वसंतराव नाईक, बासरीवाले हरिप्रसाद चौरसिया. मृत्यूत पुन्हा डॉ. रॉय. एकाच तारखेला आलेला आणि गेलेला माणूस, दोन्ही रकान्यांत एकच नाव. त्याच्या खाली तिने आपल्या ओळी लिहिल्या. पडदा ओढला. घरी गेली, दिव्यानीला न्हाऊ घातलं, नवं झबलं चढवलं, गालावर काजळाचा ठिपका लावला. "आज तुया आईचं नाव घेतील बरं सारे," ती तिच्या टाळूवर ओठ टेकून म्हणाली. पोरगी हसली. पुढे दोन दात आले होते.

आठला पटांगण भरलं. बँड वाजला. देवरावची म्हातारी आई, सोमारीबाई, पहिल्या खुर्चीत मानाने बसली होती. देवरावने चष्मा लावला, दोरी ओढली. झेंडू खाली पडले, टाळ्या झाल्या. तो फलकाकडे पाठ करून आधी लोकांना हात जोडत राहिला. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या बायांचे चेहरे बदलले. त्याने ते पाहिलं नाही. वळला आणि धडाक्याने वाचू लागला. वाचायची त्याला हौस होती. डोळ्याच्या आधी जीभ धावायची.

घटना झाल्या. धिंग्रांवर तो दोन वाक्यं जास्तीची बोलला. जन्म झाले. शेवटी आपलं नाव येणार म्हणून त्याने आवाज चढवला, "आन् दोन हजार चोवीस, दिव्यानी..." क्षणभर अडला, पण पुढारी माणूस, सावरला. "आपल्या गावची लेक! टाळ्या!" कोणी टाळी वाजवली नाही. तो मृत्यूच्या रकान्यात शिरला.

"एकोणीसशे बासष्ट, डॉक्टर बिधानचंद्र रॉय. दोन हजार चोवीस, चंदा, उमाजीची मुलगी, वय बावीस. बाळंतपणात, तलावाच्या पाळीवर. गाडी गावात होती."

भोंग्याने ते वाक्य उचललं आणि बांध्यांवर नेऊन टाकलं. गाडी गावात होती. पऱ्ह्यांत, धानाच्या रोपांत, वाकलेली माणसं तिकडे सरळ झाली.

देवराव थांबला. पुढची ओळ त्याला दिसत होती.

"वाच ना गा," मागून एक बाई म्हणाली. "थांबला काऊन?"

"हे कोणं लिहिलं?" त्याने विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"मी," उर्वशी म्हणाली. दिव्यानी कडेवर होती. "राह्यलेलं मी वाचू का? रीतच हाय, ज्याचा वाढदिवस त्यानं वाचावं. आज इचा हाय. तुमचा नाई." तिने माइक त्याच्या हातातून घेतला. त्यानेही तो सोडला, नवल वाटून सोडला असावा. ती वाचू लागली, "गाडी वाढदिवसाच्या मिरवणुकीत होती. कोतवाल पंजीप्रमाणे देवराव देवाजी यांचा जन्म तेरा नोव्हेंबर एकोणीसशे अडुसष्टचा आहे. नक्कल वाचनालयात पाहायला मिळेल."

पटांगणात कुजबुज उठली. देवराव हसायचा प्रयत्न करू लागला. "अरे, अर्ध्या गावाचा जन्म गुरुजीनंच लिहिला! कागदाचं का घेऊन बसली ही!"

आणि इथे सोमारीबाई बोलली. तिला ऐकायला कमी यायचं, पण भोंगा तिच्या डोक्यावरच होता. "बरोबर लिहिलं पोरीनं," ती कौतुकाने म्हणाली. "दिवारी होऊन गेल्ती. आमी धान कापून राह्यलो होतो, बांधीतच कळ आली मले. तुया बापानं पाटलाची बैलबंडी मागतली. पाटलाच्या घरी लगन होतं, पन बंडी देली बिचाऱ्यानं. नाई तं मी बी मेली असती." ती बोलता बोलता थांबली. सुरकुतलेलं तोंड हळूहळू लेकाकडे वळलं. "मंग तू काऊन नाई देली रे गाडी?"

हे उर्वशीने योजलं नव्हतं. तिने लाज योजली होती, आई योजली नव्हती. म्हातारीचं तोंड पाहून तिला वाटलं, इथेच थांबावं. पण तिने दिव्यानीला घट्ट धरलं आणि ती जागची हलली नाही. त्याचं उत्तर ऐकायला ती वर्षभर थांबली होती.

"पुसा तो फलक!" देवराव ओरडला. पंचायतीचा शिपाई कोलू जमिनीकडे पाहत राहिला. बायांनी पदर आवळून घेतले. मग देवराव स्वतःच पुढे झाला आणि तळहाताने पुसू लागला. गर्दीसमोर, चंदाचं नाव, स्वतःच्या हाताने. हात पांढरा झाला, झब्ब्याची बाही पांढरी झाली.

"चावी दे वाचनालयाची," तो धापा टाकत म्हणाला. "उद्यापासून येऊ नोको."

उर्वशीने कमरेची चावी काढून दिली. "घ्या. फलक भाईर हाय, त्याले कुलूप नाई." मग आवाज न चढवता, लेकराला झोपवताना बोलावं तसं म्हणाली, "तेरा नोव्हेंबरले या. तुमचं नाव लिहीन मी. खाली हेच लिहीन. आता वर्षाचे दोन दिवस तुमचे."

तिने एका हाताने पुन्हा ओळ लिहायला घेतली. कडेवरची पोरगी खडूला झोंबत होती, अक्षरं वाकडी येत होती. तिने माइक खाली ठेवला होता. तो उमाजीने उचलला.

एप्रिलपासून जो नको नको म्हणत होता, तोच उमाजी. "माया बी जन्म आजचाच हाय," तो भोंग्यावर म्हणाला, "गुरुजीच्या कागदावर. मंग मले बी वाचता येते." आणि दुसरीपर्यंत शिकलेला तो माणूस अक्षर अक्षर जुळवत वाचू लागला, "चं...दा. उमा...जीची मुल...गी."

तो संपायच्या आत मागून कोणीतरी म्हणालं, "माया बी आजचाच." एक बाई पदर खोचून पुढे आली. तिच्यामागे अजून एक. मुखरू गुरुजी काठी टेकत रांगेत येऊन उभे राहिले. त्यांची तारीख तर खरीच एक जुलैची होती.

देवराव जीपचं दार उघडून उभा राहिला. "चाल, आई."

सोमारीबाई खुर्चीतून उठली नाही. तिने काठी दोन्ही हातांनी धरली आणि भोंग्याकडे कान केला.

"तू जा," ती म्हणाली. "मी आइकून येतो."