साहेबांनी दिलेली स्क्रीन

"तुला काय वाटतं ते सांगू नकोस. काय लिहिलंय तेवढं वाच," मी अंकिताला तिसऱ्यांदा म्हटलं.

"मॅडम, लिहिलेलंच नाही की काही. स्पीकरचं चित्र आहे, त्याच्यापुढं रेघा आहेत."

अंकिता माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. मुलगी चांगली आहे, पण डोळे असलेल्या माणसांची खोड तिलाही आहे. नीट बघायच्या आधीच बघितल्यासारखं बोलायचं. मला जन्मापासून दिसत नाही. मी राजाबाई, नगरपालिकेत पाण्याच्या तक्रारी घेते. डाव्या कानाला फोन, उजव्या कानात इअरफोनचं एक टोक, दुसरं टोक गळ्यात लोंबतं. लोक फोनवर तावातावानं बोलतात, मी टाइप करते, आणि टाइप केलेलं अक्षर न् अक्षर कॉम्प्युटर मला बोलून दाखवतो. त्या दिवशी सकाळी दहा वाजता तो मुका झाला. आता सव्वाबारा झाले होते आणि चारला साहेब येणार होते.

साहेब येणार म्हणजे काय, ते सांगायला हवं. चौदा वर्षं मी कचेरीचा टेलिफोन बोर्ड सांभाळला. मग ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आले, बोर्ड भंगारात गेला आणि मला खिडकीजवळ एक खुर्ची मिळाली. "बाई, तुम्ही निवांत बसा, पगार चालू आहे," असं सगळे म्हणायचे. प्रेमानं म्हणायचे, म्हणून तर अंगाची लाही व्हायची. आमचं घर मंगळवेढ्याकडचं, मेंढरं राखणारं. आमच्यात दिवसा बसून असतो तो फक्त कुत्रा, आणि तोही रात्री जागतो. दीड वर्ष अर्ज करकरून मी हे टेबल मिळवलं, तेही तीन महिन्यांच्या बोलीवर. शेवटच्या दिवशी साहेब स्वतः बघणार, बाई कुणाच्या मदतीशिवाय तक्रार नोंदवते का. नोंदवली तर टेबल माझं, नाही तर पुन्हा खिडकी.

फोन वाजला.

"आवो बाई, मी फुलाबाई बोलतीय, घरकुलातनं. नळाला आज बी पानी न्हाय. वरच्या गल्लीला आलंय, आमालाच न्हाय. मागल्या बारीला लिवून घेतलं की तुमी. कुटं गेलं त्ये?"

"मागल्या वेळी मी नव्हते, आजी. आज मी लिहून घेतेय."

"लिवा मग. नीट लिवा."

मी ब्रेलची पाटी ओढली, कागद अडकवला आणि टोच्यानं टोचत गेले. नीटच लिहिलं. पण पाटीवरची तक्रार इथं माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही. पाण्याचा माणूस बाहेर पडतो तो कॉम्प्युटरमधल्या नोंदीवर. फुलाबाईचं पाणी माझ्या बोटाखाली अडकून पडलं होतं, आणि मला बसवत नव्हतं.

मी पुन्हा बिरुदेवला फोन लावला. बिरुदेव माढ्याचा. अंधशाळेत आम्ही एका वर्गात होतो. आता तो पुण्यात कॉम्प्युटर बोलते करण्याचीच नोकरी करतो. माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स त्यानंच घातलं. त्यात बोलणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि कचेरी माझ्यासाठी विकतचं घेईल अशी आशा आम्हा दोघांनाही नव्हती. मी मोबाइल स्पीकरवर टाकून अंकितापुढं सरकवला.

"पोरी, आवाजाच्या सेटिंगात जा. आउटपुटची यादी असंल. काय काय हाय त्यात?"

"एकच आहे, सर. एचडीएमआय."

"हेडफोन?"

"नाही."

"लाइन आउट?"

"एकच आहे म्हटलं की, सर."

"आयला. भोकंच गेली म्हन की समदी."

मी कॉम्प्युटरमागं हात घातला. तिथलं सगळं मला पाठ आहे. वर चार यूएसबी, खाली इंटरनेटचं चौकोनी भोक, त्याखाली ओळीनं तीन गोल. मधल्या गोलात माझी पिन घट्ट बसलेली होती. भोक जागेवर, पिन भोकात, आणि कॉम्प्युटर म्हणत होता की असलं भोक मला नाहीच. माणूस असं खोटं बोलला असता तर मी त्याला चार शब्द सुनावले असते.

बिरुदेव एकेक अक्षर सांगत गेला, अंकिता टाइप करत गेली. आवाज शून्यावर नव्हता. आवाजाचं सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू केलं, मग अख्खा कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. यादीत तेच एक नाव. दोन वाजले. डबा तसाच होता. मी घड्याळाची काच उघडून काटे चाचपायची, मिटायची, पुन्हा उघडायची. मधे मधे फोन येत होते आणि पाटीवरचे कागद वाढत होते.

"सर, मी फोटोच पाठवते की स्क्रीनचा. तुम्ही एकदा बघा," अंकिता वैतागून म्हणाली.

"पाठव," बिरुदेव म्हणाला. "पर मी बी आंधळाच हाय."

"मग तुम्हाला कसं कळतंय, कुठं काय आहे ते?"

"पाठ हाय. राजे, आता खरं सांग. काल काय बदललं?"

"कायबी न्हाय."

"कायच न्हाय?"

"न्हाय म्हनलं की, बिरू."

"मॅडम," अंकिता हळूच म्हणाली, "काल स्क्रीन बदलली की."

मी साफ विसरले होते. आदल्या दिवशी संध्याकाळी आमचा शिपाई धोंडप्पा नवी स्क्रीन घेऊन आला. साहेबांनी दिव्यांगांच्या निधीतून मंजूर केली होती, अख्ख्या कचेरीत सगळ्यात मोठी. धोंडप्पानं हौसेनं जोडली, तिला कुंकू लावलं, नारळ फोडला. मी खोबरं खाल्लं, साहेबांचे आभार मानले आणि विसरून गेले. स्क्रीनशी माझं कधी काम पडलंच नव्हतं. ती समोर असते, भिंत असते तशी.

"मोठी स्क्रीन? तुला?" बिरुदेव इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "आगं, त्या नव्या एचडीएमआय वायरीतनं चित्र जातं तसा आवाज बी जातो. कॉम्प्युटरला वाटलं घरात टीव्ही आला. समदा आवाज तिकडं वतला त्यानं. आनि त्या स्क्रीनला स्पीकरच नसनार."

म्हणजे सकाळपासून तो बोलतच होता. मी दाबलेलं प्रत्येक अक्षर तो इमानानं सांगत होता, फक्त तोंड त्या काचेकडं होतं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. उलट डोळे भरून आले. दीड वर्ष अर्ज करताना मीही तशीच बोलत होते, ऐकणारं कुणी नसताना.

"पोरी, त्या सेटिंगाच्या खिडकीत वर टॅब किती?"

"चार."

"पाच असत्यात. उजव्या कडंला बारका बाण असंल, त्यो दाब."

"हो की. कॉन्फिगरेशन म्हणून आहे."

"तितं एचडीएमआय काढून ॲनालॉग निवड, म्हंजी मागली गोल भोकं."

उजव्या कानात खट्ट झालं आणि तो लोखंडी आवाज भरधाव बोलू लागला. मी टेबलाची कड धरून थोडा वेळ नुसती ऐकत राहिले.

"पर ध्यानात ठेव," बिरुदेव म्हणाला, "ती स्क्रीन झोपून उठली की परत आवाज वढून नील. वायरच काढून टाक."

"साहेबांनी दिलीय रे."

"मग बघ बाई. तुझं टेबल हाय."

सव्वातीन झाले होते. धोंडप्पा पाणी घेऊन आला, त्याला मी सांगितलं. तो घाबरला. "बाई, साहेब ती स्क्रीनच बघाया येनार हायेत. फोटो काडायचाय म्हनत होते. आनि जुनी तर मी स्टोअरात टाकली."

"असू दे. तुम्ही हात लावू नका. तुमच्यावर बोल नको."

मी मागं हात घालून वायर ओढली.

साहेब बरोबर चारला आले. बूट माझ्या टेबलापाशी थांबले आणि तिथंच राहिले.

"बाई, स्क्रीन बंद आहे."

"हो, साहेब. तिच्यामुळं कॉम्प्युटरचा आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता. मी वायर काढली."

साहेबांनी स्क्रीनच्या काचेवर बोट वाजवलं.

"मग मी बघू काय?" साहेब म्हणाले.

मी गळ्यातलं इअरफोनचं दुसरं टोक पुढं केलं. वायर आखूड आहे, त्यांना शेजारची खुर्ची ओढून बसावं लागलं. मी कॉम्प्युटरकडून दोन ओळी वाचून घेतल्या.

"काय बोलतंय हे? मला एक शब्द कळत नाही."

"वेग जास्त आहे, साहेब. मला सवय झालीय."

मी वेग कमी करत गेले, पायरी पायरीनं, मी शिकायला लागले होते तेव्हाइतका. मग डाव्या हाताचं बोट पाटीवरून काढलेल्या कागदावर ठेवलं आणि उजव्या हातानं टाइप करू लागले. आमच्या दोघांच्या कानात तो सावकाश बोलू लागला. फु. ला. बा. ई. घरकुल. वरच्या गल्लीला पाणी आहे, खालच्या गल्लीला नाही. मी नोंद पाठवली. कॉम्प्युटरनं तक्रारीचा नंबर सांगितला.

साहेबांनी इअरफोन काढला नाही. फोटोचं कुणी नाव काढलं नाही.

"पुढची?" त्यांनी विचारलं.

मी बोटानं पुढची ओळ शोधली.