तेलाच्या डब्यातला उजेड

टण्ण! सगळं घर दुपारी पेंगत असताना माळ्यावरचा उंदीर माझ्यावर येऊन आदळला. बरं झालं, त्या निमित्तानं मला कंठ फुटला. मित्रांनो, नाटकाच्या प्रवेशांवर उजेड पाडणारा मी एक म्हातारा दिवा. जन्मानं मात्र गोडेतेलाचा डबा! देवळाली प्रवराकडच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत राधाकृष्ण वायरमननं माझं तोंड कापलं, पोटात मोठा बल्ब बसवला, लाकडी मूठ ठोकली आणि मी स्वयंपाकघरातून थेट रंगमंचापुढे आलो.

साल एकाहत्तरचं. तोवर गणपतीच्या नाटकात सुमंत कारकून मिशी काढून नायिका व्हायचा. त्या वर्षी तो नायक झाला आणि नायिका झाली खरीखुरी बाई, विजयमाला. तिच्या सासूबाईंनी, गोजरबाईंनी, एकच अट घातली होती, “बोलशील ते ताठ मानेनं बोल. लपून-छपून न्हाई.” विजयमालेचा सगळा जीव एका प्रवेशात होता. त्यात नायक लग्नाचं विचारतो आणि शाळेत शिकवणारी नायिका त्याला उत्तर देते. भाकरी थापतानासुद्धा ती ते उत्तर घोकायची.

पण नाटक बसवणारे माधवराव ड्रॉइंगमास्तर नगरच्या कॅम्पात इंग्रजी गुन्हेगारी सिनेमे बघून आलेले. ते म्हणाले, “प्रेमाच्या प्रवेशात उजेड नायकावर! बाई अंधारात, चेहऱ्यावर नुसत्या सावलीच्या पट्ट्या. बाई म्हणजे गूढ!” आणि माझ्या अर्ध्या तोंडावर त्यांनी बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा सोडला.

तालमीला आलेल्या गोजरबाई कडाडल्या, “मास्तर, माजी सून तुरुंगात हाय व्हय? तोंडावर गज कशापायी पाडले?”

“आजी, ही कला आहे.”

“असंल. पर कलेला बाईच्या तोंडाचं वावडं हाय का?”

सगळे हसले. विजयमालाही हसली, पण तिचं तोंड उतरलं. मला दिसत होतं. करतो काय? मूठ दुसऱ्याच्या हातात.

पावसाच्या धास्तीनं नाटक संध्याकाळीच लावलं. राधाकृष्ण त्यात हवालदार, म्हणून माझी मूठ त्याच्या बायकोच्या, चांगुणाच्या हाती आली. प्रेमाचा प्रवेश आला आणि नेमकी दिवेलागण झाली. दिवेलागणीला दारावरचा पडदा गुंडाळायचा, लक्ष्मीला वाट मोकळी ठेवायची, ही चांगुणाच्या हाताची रोजची सवय. हात आपोआप वर गेला. सर्रकन पडदा गुंडाळला!

मी विजयमालेवर लख्ख सांडलो. तिचा उजळलेला चेहरा बघून सुमंतचे डोळे दिपले, तो वाक्यच विसरला. तिनं मान वर केली.

“तुम्ही विचारणार ते ठाऊक आहे मला. माझा होकार आहे. पण शाळा सोडणार नाही. चालेल?”

“चालेल, चालेल!” सुमंत गडबडीनं म्हणाला. बायकांच्या बाजूनं टाळ्यांचा कडकडाट झाला.

“पडदा सोड, पडदा!” विंगेतून माधवराव खेकसले.

“आत्ता? दिवेलागणीला?” चांगुणा म्हणाली. “अवो, लक्ष्मी माघारी जाईल की!”

टाळ्या थांबेनात, तेव्हा माधवरावही वाजवू लागले. पुढं कैक वर्षं मी बिनपडद्याचा मिरवलो. आता गंज चढलाय. मित्रांनो, जुन्या दिव्यांवरून अधूनमधून फडकं फिरवा. आणि दिवा हाती आलाच, तर अंधारात कोण राहिलंय तेवढं बघा.

त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. नाटक संपल्यावर गोजरबाई सुनेची दृष्ट काढत होत्या, तेवढ्यात विजयमालेच्या चिमुरड्या छबूनं तिचा पदर ओढला.

“आई, तू घरी अशी ताठ मानेनं का नाही बोलत?”

विजयमालेनं सासूकडं पाहिलं. सासूनं सुनेकडं.