बॅटरीचं दिवज

रील अजून तशीच आहे. काढतो काढतो म्हणतो आणि किती जणांनी बघितली तेच परत उघडून बघतो. म्हणून हे टाईप करायला बसलो. बोटं तरी दुसरीकडे राहतील.

रीलमध्ये माझी आई आहे. सुमंगला. हातात दिवज धरून उभी.

दिवज म्हणजे मातीचा दिवा. मध्ये मूठ, भोवती पाच वाटुल्या, पाच वाती. वर्षातून एकदा उत्सवाला गावच्या बायका ते पेटवून देवळाभोवती फेरी घालतात. नवरा असलेल्या बायका. डिचोलीला आमच्या वाड्यावर सगळ्यांची दिवजं आई करते. बाई दारात आली की आधी म्हणते, "हात दाखव गो." तिची मूठ आपल्या हातात घेऊन बघते, मग मातीला बसते. फेरी लांब असते, हात भरून येतो, मूठ त्याच बाईच्या हातात बसली पाहिजे असं तिचं म्हणणं.

बाबा गेल्यापासून ती दिवजं करते, घेत नाही. उत्सवाला नळाजवळच्या कट्ट्यावर बसते आणि समोरून तिचीच दिवजं जातात. मी तिथंच असतो, मित्रांबरोबर खाजं खात. तिला काय वाटतं ते कधी विचारलं नाही. डोक्यातच आलं नाही.

तर मांद्र्याचा मेळा.

एका लॉनवर भरतो, समुद्राजवळ. साबणवाले, क्रोशावाल्या, मेणबत्त्यावाले, सगळे हातानं बनवलेलं विकणारे. मी मोबाईलवर बघून बघून फोटो काढायला, लेबलं करायला शिकलो होतो. वाटत होतं, आईची माती इथं चालली तर विमानतळावरची ट्रॉल्या ढकलायची नोकरी सोडता येईल. आईला म्हटलं, दिवजं कर जास्तीची.

"कुणाच्या हाताची?"

"कुणाच्याही गो. शोपीस म्हणून घेणार लोक."

"शोपीसला मूठ कशाला मग?" म्हणाली. पण केली.

रविवारी स्टॉल लावला. दुपारपर्यंत एक नाही गेलं. लोक उचलायचे, उलटं करून बघायचे, "क्यूट" म्हणायचे, खाली ठेवायचे. एकानं विचारलं यात चटण्या ठेवतात का. आई मागच्या खुर्चीवर बसून होती. शेजारच्या साबणवाल्या पोरीनं तिला वास घ्यायला साबण दिला, तोच हातात धरून.

मग विनिता आली. मेळा तीच भरवते, पणजीची, चांगली आहे. मोबाईल तयारच. लॉनवर तेल-आग चालत नाही म्हणून तिनं बॅटरीचे छोटे दिवे आणले आणि पाच वाटुल्यांत ठेवले. लुकलुकायला लागले.

"मावशी, हातात घ्या ना. ज्यानं बनवलं त्याचे हात दिसले की लोक थांबतात."

आईनं हात पदराखाली घेतले. "मी करते बाय. घेत नाही."

"म्हणजे?"

आईनं माझ्याकडे बघितलं.

इथंच. इथं मी बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की आमच्यात असं असं आहे, तिला नको. विनिता लगेच सॉरी म्हणाली असती. पण समोर न खपलेली दिवजं दिसत होती आणि मी म्हटलं, "लाजते ती. आई, घे गो. फोटोपुरतंच."

आई उठली. साबण खुर्चीवर ठेवला. हात पुसले, पदर डोक्यावरून घेतला, दिवज उचललं आणि कपाळाशी नेलं. देवळात बायका नेतात तसं. कुणी सांगितलं नव्हतं.

"वॉव, असंच! मावशी, परत एकदा. थोडं हसून."

आईनं परत उचललं.

विनितानं रील मला पाठवली, मी तिथल्या तिथं माझ्या अकाउंटवर टाकली. साडेचारला स्टॉल रिकामा. खरं सांगतो, मी खूश होतो. आईला आईस्क्रीम घेऊन दिलं. तिनं ते हातात धरलं आणि ते वितळून मनगटावर आलं.

परत येताना चोपड्याच्या पुलावर ती स्कूटरवर मागून म्हणाली, "ते दिवे कसले रे?"

"बॅटरीचे."

"असं होय." म्हापशाच्या जवळ आल्यावर म्हणाली, "हाताला ऊब लागली नाही. मला वाटलं माझेच हात विसरले."

मी हेल्मेटमधून ऐकू आलं नाही असं दाखवलं.

दोन दिवसांनी शेजारच्या पद्मावती काकी आल्या. उत्सवात फेरीच्या पुढे त्याच असतात. मी आतल्या खोलीत होतो.

"सुमंगला, देवळात कट्ट्यावर बसतेस आणि तिकडे गोऱ्यांपुढे दिवज घेऊन नाचतेस?"

"नाचले नाही गो. उभी होते."

"आमच्या सुनेनं दाखवलं मोबाईलवर. माझा चहा सांडला गो अंगावर! बायका विचारतायत, यंदा दिवजं हिच्याकडून घ्यायची की नाही."

उत्सव पुढच्या आठवड्यात. त्या देवळात आईचं जे काही उरलंय ते एवढंच, तिची माती फेरीत जाते. आता तेही जाणार.

मी बाहेर जायचं होतं. आईनं म्हणायचं होतं की पोरानं धरायला लावलं. मी दाराआड उभा राहून त्याचीच वाट बघत होतो.

आई म्हणाली, "मीच घेतलं. हौस आली."

काकी चहा न घेता गेल्या. आई परत माती मळायला लागली. मी आतून बाहेर आलो, तिनं वर बघितलंसुद्धा नाही. जेवायला वाढलं. दोन मासे माझ्या ताटात, स्वतःला सोलकढी. तिनं ओरडायला हवं होतं.

इथवर काल रात्री टाईप केलं. आज सकाळी काकींकडे गेलो. व्हरांड्यात त्या आणि त्यांची सून गौरवी काजूच्या बिया निवडत होत्या. उभ्याउभ्या बोलून टाकलं.

"काकी, आईनं घेतलं नाही. मी लावलं घ्यायला. ती नको म्हणत होती."

"ठाऊक आहे रे," काकी म्हणाल्या. "सुमंगला आपणहून मांद्र्याला जाते होय? तुझंच शेण ते."

"मग आईला का बोललात?"

काकींनी बियांचं सूप खाली ठेवलं. "तिचं तोंड बघितलंस त्यात?"

बघितलं नव्हतं. विनितानं हात म्हटलं, मी हात बघितले.

"जबरदस्तीचं तोंड नव्हतं ते," काकी म्हणाल्या. गौरवी मान खाली घालून बिया निवडत होती. "पाठवून दे दिवजं. दुसरी करतेय कोण इथं? पण तिला सांग, हौस म्हणू नको कुणाकडे. झाकून ठेव म्हणावं."

रस्त्यात स्कूटर उभी करून रील उघडली. डोळे मिटलेत तिचे. ओठ हलतायत. आपण देवळात आहोत असंच तिला वाटत असणार. आणि हातात चायनाचे सेल घातलेले लुकलुकते दिवे, बाजूनं विनिता म्हणतेय थोडं हसून.

तिथंच काढून टाकायला हवी होती. खाली कॉमेंटमध्ये नवीन ऑर्डरी होत्या. मोबाईल खिशात घातला.

घरी आलो तेव्हा आई अंगणात दिवजांच्या मुठी जोडत होती.

"पद्मावती काय म्हणाली?" कुठं गेलो होतो ते सांगितलंच नव्हतं मी.

"दिवजं पाठव म्हणाली."

"आणि?"

काकींचा निरोप जिभेवर होता. गिळला. म्हटलं, "आई, तुला घ्यायचंय का? उत्सवाला. तेलाचं."

तिचे हात थांबले. माझ्याकडे बघितलं, मांद्र्याला बघितलं होतं तसंच. मग परत मातीकडे.

"आत्ता विचारतोस."

मी पायरीवर बसलो.

"ते मोबाईलवरचं काढ आधी," ती म्हणाली. "लोकांनी बॅटरीचं बघायला नको."

तिच्यासमोर काढली. ऑर्डरीही गेल्या त्याच्याबरोबर. तिनं नीट काढली का विचारलं, मी रिकामी जागा दाखवली.

मग तिनं मातीचा एक गोळा घेतला, लांबट केला आणि ओला असतानाच आपल्या मुठीत दाबला. बोटांचे वळ उठले. ते पुसले नाहीत. मूठ दिवजाला जोडली आणि ते दिवज बाकीच्यांत न ठेवता वेगळं, भिंतीकडे सावलीत ठेवलं.

"बाजारातून कापूस आण," म्हणाली. "वाती वळायच्यात."