राखण्याचे फटके

गारांनी वरच्या वावराचा चेंदामेंदा केला होता. फुलोऱ्यावर आलेला बटाट्याचा पाला चिखलात मिसळून गेला होता आणि त्याच चिखलात मेलितोन यूपाला गावाने पाडलं होतं. यंदाचा राखण्या तो. ढग डोंगरावर चढला की शंख फुंकायचा, शेणाचा धूर करायचा, गोफणीने दगड भिरकावत गारांना चोर, भिकारडे म्हणून शिव्या द्यायच्या, हे राखण्याचं काम. मेलितोनने ते घसा फुटेस्तोवर केलं होतं. गारांनी त्याला हिंग लावूनसुद्धा विचारलं नाही.

कुणीतरी त्याच्या बरगडीत लाथ घातली, कुणी केस धरून तोंड चिखलात दाबलं. वर्षभराचं खाणं गेलं होतं. माणसं राग काढणार कुणावर, आभाळावर?

"याला बडवून काय होणार?" म्हातारी सेराफिना म्हणाली. "शंख मी ऐकला. शंख वाजूनही गारा आल्या, म्हणजे कुठल्यातरी सटवीने बाप्तिस्म्याविना पोर पुरलंय डोंगरात. ते पोरच गारा बोलावतं. पोरींना उभं करा ओळीत. छाती पिळली की दूध कुणाला येतं ते दिसेल."

लाथा थांबल्या. बाया आपापल्या पोरींकडे बघू लागल्या.

मेलितोनची लेक एर्मेलिंदा शाल गच्च आवळून बांधावर उभी होती. फुलोरा धरायच्या सुमारास ती कळा देतच त्याच्या राखणीच्या खोपीत आली होती. पोर मेलेलंच निघालं, आणि खोपीमागे खड्डा त्यानेच खणला होता. पलीकडच्या खोऱ्यात अशीच एक पोर सापडली, तेव्हा तिला दगडांनी ठेचून दरीत लोटलं होतं. आणि खरं सांगायचं तर गारा त्या खड्ड्यामुळेच आल्या, असं मेलितोनलाही वाटत होतं. तरी पोटची पोर ती पोटची पोर.

"पोरींना सोडा," तो रक्त थुंकत म्हणाला. "मी पिऊन पडलो होतो. शंख फुंकला तो गारा पडून गेल्यावर."

"मी आधी ऐकला," सेराफिना म्हणाली.

"तुला शेजारी खोकलेलं ऐकू येत नाही, आजी. आधी काय नि नंतर काय."

दोघंतिघं हसलीसुद्धा. मुखिया एलेउतेरियो मात्र हसला नाही. "कबूल केलंस ना? मग रीत ठाऊक आहे तुला. घरटी एक फटका."

लामा जनावराच्या कातड्याचा आसूड हातोहात फिरला. वावरात ज्याच्या जितक्या सऱ्या गेल्या तितका त्याचा हात जड. त्याच्या सख्ख्या मेव्हण्याने तर धावत येऊन मारला. पाठीची साल निघाली, मेलितोन गुरासारखा ओरडला, पण मनातून म्हणत होता, मारा लेको, माझ्याकडेच बघा.

"झालं?" त्याने विचारलं.

"तुझ्या घराचीही सरी होती वावरात," मुखिया म्हणाला. "तुझ्या घरचा राहिला."

त्याच्या घरात एर्मेलिंदावाचून होतं कोण? हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती पुढे आली. तिने हात उचलला आणि आसूड नुसता पाठीवर टेकला.

सेराफिनाने डोळे बारीक केले. "बाप पिऊन पडला, घास गेला, आणि हिला राग कसा येत नाही गं?" ती एर्मेलिंदाच्या शालीकडे निरखून बघू लागली.

"मार की, भवाने," मेलितोन ओरडला. "हाताला काय लकवा झालाय?"

एर्मेलिंदाने मारला. वार मघाच्याच जखमेत बसला. मग न सांगता दुसरा, मग तिसरा. ती दात खाऊन, रडत, बापाला शिव्या देत मारत सुटली. शेवटी मुखियाने तिचं मनगट धरलं.

"हिला न्या रे कुणी," सेराफिना म्हणाली. "जीव घेईल बापाचा." आणि शालीचा नाद सोडून म्हातारी उतारावरून घराकडे निघाली.

मेलितोनला हसू आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून त्याने आपणहून तोंड चिखलात खुपसलं.