बोट ठेवून दाखवा

"मागच्याने पुढच्याला ढकललं," पहिल्या बाकावरचा लंबू म्हणाला.

"बघा! ढकललंच त्याने!" शिट्टीसरांच्या तोंडून निसटलं.

"सर, तोंड बंद!" वर्गातल्या सगळ्यात भांडखोर मुलीने दरडावलं. तिला अख्खी नववी वकील म्हणायची. वर्ग खिदळला आणि सरांनी जीभ चावली.

काय करणार, नियमच होता तसा. चित्राच्या तासाला सरांनी उत्तर सांगायचं नाही. सांगायला गेलेच, तर कुणीही त्यांना गप्प करावं. अठ्ठावीस वर्षं मैदानावर ओरडून ज्याचा घसा बसला, गळ्यात सदा शिट्टी म्हणून ज्याला सारी शाळा शिट्टीसर म्हणते, त्या माणसाच्या तोंडाला कुलूप! पण चित्रकलेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांचा गुरुवारचा तास सरांच्या गळ्यात पडला. जाताना बाईंनी बजावून सांगितलं होतं.

"सर, एक चित्र लावायचं आणि तीनच प्रश्न विचारायचे. काय दिसतं? कशावरून म्हणतोस? आणखी काय? मूल जे म्हणेल ते त्याने पडद्यावर बोट ठेवून दाखवायचं. चूक-बरोबर तुम्ही ठरवायचं नाही."

"एवढंच?"

"एवढं जमलं तरी खूप झालं," बाई म्हणाल्या होत्या. सरांना ते चांगलंच झोंबलं होतं.

पण जमलं हो! पहिले दोन तास मुलं नुसती एकमेकांवर ओरडली. तिसऱ्या तासाला कुणीतरी म्हणालं, "मला तिचं पटत नाही, कारण..." आणि त्या 'कारण'पाशी सगळे ऐकायला थांबले. सरांना त्या दिवशी एवढा आनंद झाला की त्यांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

आजचा फोटो मात्र बाईंच्या फाइलमधला नव्हता. तो सरांच्या कपाटातला होता.

फोटो होता एकतीस वर्षांपूर्वीच्या शर्यतीचा. अंतिम फेरी, फीत दहा पावलांवर, सर सगळ्यांच्या पुढे. मागे त्यांचा जिवलग मित्र, एका डब्यात जेवलेला. अचानक पाठीला हात लागला आणि पुढच्या क्षणी सरांच्या तोंडात माती. गुडघा गेला तो कायमचाच, आणि त्याच्याबरोबर धावणंही गेलं. मित्र दवाखान्यात दोनदा आला; दोन्ही वेळा सरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याची पत्रं न फोडता परत पाठवली. वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरकडून हा फोटो तेवढा मागून आणला, कारण त्यात तो हात दिसत होता. पाठीवरचा हात. पुरावा!

तोच मित्र आता क्रीडा अधिकारी झाला होता आणि परवा शनिवारी शाळेच्या स्पर्धांना पाहुणा म्हणून येणार होता. फाटकावर त्याचं स्वागत करायचं काम खेळाच्या शिक्षकाचं. सरांनी सरळ रजेचा अर्ज टाकला होता.

"अहो, सोडा ना आता," सकाळी बायको म्हणाली होती.

"पुरावा आहे माझ्याकडे."

"मग दाखवा कुणाला तरी एकदाचा. मला पाठ झालाय तो."

म्हणून त्यांनी तो वर्गात आणला होता. कुणाचा, कधीचा, काही सांगितलं नव्हतं. पोरांनीच न्याय करू दे, त्यांना कुणाची भीड नाही.

"कशावरून म्हणतोस?" सरांनी लंबूला विचारलं. आवाजात नको तेवढी माया होती.

लंबूने पडद्यावर बोट ठेवलं. "हा हात. याच्या पाठीवर आहे."

"मला पटत नाही," वकील उठलीच. "ढकलताना पंजा उघडा असतो. ही मूठ आहे. त्याने बनियन धरलंय. हे बघा, कापड मागे ताणलंय."

सगळे वाकून बघायला लागले. सरही. हातभर फोटो कधी बघितलाच नव्हता त्यांनी. बघितला तो तळहाताएवढा. मूठच होती ती.

"मग मागे ओढून पाडतोय!" लंबू हार मानेना.

"ओढलं असतं तर उताणा पडला असता. हा तोंडावर पडतोय."

"आणखी काय?" सरांनी विचारलं.

मागच्या बाकावरून चष्मेवाली उठली. ही मुलगी वर्ष सुरू झाल्यापासून हजेरीपलीकडे एक अक्षर बोलली नव्हती. ती पडद्यापाशी आली आणि खाली वाकून कोपऱ्यात बोट ठेवलं.

"याची लेस सुटलीय. त्याच्याच दुसऱ्या बुटाखाली आलीय."

अख्खा वर्ग तो बूट बघायला पुढे सरकला.

"म्हणजे तो आपला आपणच पडतोय," ती हळूच म्हणाली. "आणि हा मागचा फितीकडे बघतच नाहीये. पडणाऱ्याकडे बघतोय. तोंड उघडं आहे. ओरडतोय काहीतरी. सावरतोय त्याला."

"येडाच आहे मग!" लंबू म्हणाला. "पुढे फीत मोकळी होती की! तो कडेचा बघा, सुटला पण."

"म्हणजे दोघं हरले," वकील म्हणाली.

दोघं हरले, हे सरांना ठाऊक होतं. मित्र तिसरा आला होता. 'बरं झालं, देवाने बघितलं,' असं ते एकतीस वर्षं म्हणत आले होते. फोटो त्यांनी हजारदा काढला होता कपाटातून, पण दर वेळी नजर त्या हातावर जायची आणि तिथेच थांबायची. आपल्या पायाकडे एकदाही बघितलं नाही आपण! सरांना लाज वाटली.

"सर, त्या पडणाऱ्याला नंतर कळलं असेल ना?" कुणीतरी विचारलं.

"नाही कळलं," सर म्हणाले.

"सर! कशावरून म्हणता?" वकिलाने पकडलंच. "बोट ठेवून दाखवा."

सरांनी घड्याळाकडे बघितलं. घंटेला दोन मिनिटं होती. सहज काढता आली असती. ते उठले, गुडघा ओढत पडद्यापर्यंत गेले आणि पडणाऱ्या पोराच्या छातीवर बोट ठेवलं.

"हा मी आहे," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. लंबूने सरांच्या गुडघ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. घंटा झाली तरी एक बाक हललं नाही.

"आणि मागचे?" चष्मेवालीने विचारलं.

"येणार आहेत शनिवारी. आपले पाहुणे."

सर तिथून तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. "माझा अर्ज परत द्या."

"अहो, सहीच करत होते," मोठ्या बाई म्हणाल्या.

"नको. फाटकावर मीच उभा राहतो."

संध्याकाळी बायकोने विचारलं, "दाखवलात पुरावा? काय म्हणाली पोरं?"

"केस हरलो मी."

तिने सरांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि न मागता चहा टाकला.

शनिवारी गाडीतून जो उतरला त्याच्या डोक्यावर केस नव्हते आणि पोट सुटलं होतं. फाटकावर कोण उभं आहे ते बघून तो जागीच थबकला. हात पुढे केला आणि अर्ध्यावरून मागे घेतला. सरांनी तो धरला. दोन दिवस घोकलेली माफी होती, चांगली चार वाक्यांची. त्यातलं एकही तोंडातून फुटेना.

"त्या दिवशी," सर कसेबसे म्हणाले, "ओरडत काय होतास रे?"

पाहुण्याने दुसराही हात त्यांच्या हातावर ठेवला. मग म्हणाला, "तुझं नाव. दुसरं काय ओरडणार?"

मैदानावर पहिल्या शर्यतीची आठ मुलं रेषेवर उभी होती. एरवी सरांची शिट्टी कधी वेळ चुकत नाही. आज त्यांनी ती गळ्यातून काढून पाहुण्याच्या हातात दिली आणि ते रेषेपाशी गेले. पहिल्या मुलाच्या पायाशी वाकले, मग दुसऱ्याच्या. आठही जणांच्या लेस घट्ट बांधलेल्या होत्या. तरी सर खाली मान घालून एकेक गाठ चाचपत होते, आणि पाहुणा शिट्टी हातात धरून त्यांचं होईपर्यंत थांबला होता.