निळ्या पट्टीच्या अलीकडे

सकाळी साडेअकरा वाजता मेकॅनिक अबू नाझिमने जर्राहच्या गाडीच्या मागच्या चाकाच्या वर, पांढऱ्या पत्र्याला, निळी चिकटपट्टी लावली. चाकावर रुंद कमान बसवायला पट्टीखालचा पत्रा कापायचा होता.

पट्टी जरा वाकडी लागली आहे, असं जर्राहला वाटलं—आणि लगेच वाटलं, हे आपण कशाला पाहतो आहोत? सरळ असती तर कापू दिलं असतं? गाडी त्याच्या मुलाहून, दुऐजहून, वयाने मोठी. कंपनीतून आली तशीच. शुवैखच्या या गॅरेजांच्या गल्लीत तिला सगळे ओळखतात. शेजारी दुऐजची उभी होती—तीच जात, पण चाकांवर रुंद कमानी, उघडे रिव्हेट, डिकीवर इस्त्रीच्या टेबलाएवढा पंख. ‘इस्त्रीचं टेबल’ हा जर्राहचाच शब्द. दोन वर्षं जेवताना तो तेच म्हणत आला आणि दुऐज खाली मान घालून भात चिवडत राहिला. मग गेल्या गुरुवारी दुऐजची गाडी रंगून आली, मुलगा बाजूला उभा राहिला, आणि जर्राहच्या तोंडून निघून गेलं—माशाल्लाह.

का निघालं? नजर लागू नये म्हणून कुणाच्याही नव्या वस्तूपुढे जीभ वळते... शेजाऱ्याच्या उंटालाही म्हणतोच की आपण. की खरंच... उन्हात ती कमान भरलेल्या खांद्यासारखी दिसली होती, हे खोटं नव्हतं. पण आवडली होती का मला? दुऐजने मात्र ऐकलं ते ऐकलं. त्याने कमानी-पंखाचा तसाच दुसरा संच मागवला. बापाला भेट.

“यूबा, या म्हातारीला जन्मभर साध्या झग्यात फिरवलंत,” जुन्या गाडीवर थाप मारत दुऐज बापाला म्हणाला. “आता जरा सजू दे तिला.”

“पंखाशिवाय गाडी म्हणजे बिनमिशीचा नवरदेव, अबू दुऐज,” जर्राहला मुलाच्या नावाने हाक मारत अबू नाझिमने कटरची वायर बोर्डात खोचली.

“तुझ्या लग्नात नुसती मिशीच आली होती, नवरदेव कुठे होता?”

दुऐज खळखळून हसला. बापाच्या बोलण्यावर तो किती दिवसांनी हसला... आता ‘नको’ म्हटलं, की गुरुवारचा शब्द खोटा ठरणार. आणि कापलेला पत्रा पुन्हा जुळत नाही.

अबू नाझिमने कमान पत्र्यावर धरून दाखवली. जर्राह मागे सरकला—नावडायची तयारी करून. नावड आली नाही. ती शोधताना भलतंच हाती लागलं: विशीतली पहिली गाडी, सोनेरी चाकं, आणि वडिलांचा आवाज—‘नाचणारीचे पैंजण!’ दुसऱ्याच दिवशी त्याने चाकं उतरवली होती. तेव्हापासून त्याला कंपनीचीच चाकं आवडत. आवडत?

“यूबा, करू दे सुरू?”

तेवढ्यात दुपारची बांग झाली. अबू नाझिम कटर खाली ठेवून हातपाय धुवायला गेला. जर्राह चाकापाशी उकिडवा बसला आणि त्याने नखाने पट्टीचं टोक उचललं.

“काढताय, की सरळ करताय?” मागून दुऐजने विचारलं. हसू आवाजातून गेलं होतं.

अर्धी पट्टी पत्र्यावर होती, अर्धी जर्राहच्या बोटांत.